थेंब न सांडता

तात्यांच्या शेडमध्ये पांढरी फरशी बसली आणि म्हाताऱ्याचे दिवस भरत आले. म्हातारा म्हणजे ट्रॅक्टर. तात्यांच्या लग्नाआधीपासूनचा, त्यामुळे काकूंच्या लेखी ती थोरली सवतच. इतकी वर्षं तो पोटाखालून तेल गाळत उभा होता आणि मातीनं ते मुकाट गिळलं होतं. फरशी काही गिळणार नव्हती.

"एक थेंब पडला तर तो भंगारात जाईल. शेवटचं सांगतेय," काकू म्हणाल्या. शेवटचं त्या रोजच सांगत, पण या वेळी भंगारवाल्याला निरोपही गेला होता. दुपारी तो येणार होता.

मुलं दूर गेल्यापासून सकाळी उठून बोलावं असं तात्यांना म्हाताऱ्याशिवाय कुणी नव्हतं. काकू होत्या, पण त्या उत्तरं देत.

आणि नेमकं तेल बदलायला झालेलं. जुनं तेल त्यांनी पसरट टबात काढलं, खालचं बूच घट्ट बसवलं, तिथवर सगळं बिनबोभाट झालं. खरी परीक्षा नवं तेल भरताना होती, कारण तात्यांचे हात थरथरत आणि नरसाळं कलंडे. म्हणून त्यांनी डोकं चालवलं. तात्यांनी डोकं चालवलं की घरातली मांजरसुद्धा बाहेर जाते.

तळाला तोटी असलेला डबा त्यांनी आढ्याला टांगला, तोटीला पाइप जोडला, पाइपचं टोक इंजिनाच्या तोंडात खुपसून सायकलच्या ट्यूबनं करकचून बांधलं. डब्याचं झाकण तर असं आवळलं, की आतला वाससुद्धा बाहेर येईना. मग तोटी उघडली आणि ऐटीत चहा प्यायला गेले.

परत आले तर फरशी लख्ख. तेलाची पट्टी काढून पातळी बघायची असते, पण पट्टीवरून थेंब पडला तर? राहिलं ते. तात्यांनी काकूंना हाक मारली आणि सीटवर चढून किल्लीला हात घातला.

"बघ. एक थेंब नाही."

काकू वाकल्या. बराच वेळ खाली बघत राहिल्या.

"किल्ली सोडा," त्या म्हणाल्या.

"आता काय झालं?"

"पोटात तेल असताना हा कधी गळला नाही, असं झालंय का? फरशी नव्हती तेव्हा रोज सकाळी याचा डाग बघून मी झाडू मारायचे. तेल गेलंय कुठे?"

त्यांनी स्टुलावर चढून डब्यावर टिचकी मारली. डबा गळ्यापर्यंत भरलेला. आत हवा जायला जागाच नव्हती, तर तेल उतरणार कसं? कोरडं इंजिन फिरलं असतं तर ते जागीच जाम झालं असतं. तात्या घाईघाईनं सीटवरून उतरले. काकूंचे हात गार पडले होते, आणि आपण घाबरलोय ते कुणासाठी, हे कळून त्यांना स्वतःचाच राग आला.

त्यांनी झाकण सैल केलं. डब्यानं उचकी दिली आणि तेल गटगट उतरलं. थोड्या वेळानं फरशीवर पहिला काळा थेंब पडला. तात्यांनी डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात भंगारवाला दारात आला. "काय द्यायचंय?"

काकूंनी आढ्याचा डबा सोडला, तोटी आणि पाइपसकट त्याच्या हातात ठेवला आणि म्हाताऱ्याखाली सरकवायला स्वयंपाकघरातलं जुनं पातेलं आणायला गेल्या.