पेटी बंद ठेवू नका

मी पेटी बोलतेय. थांबा, थांबा, कपडे ठेवायची ट्रंक नव्हे हो, गाण्याची पेटी! भोपाळमध्ये राहायचं तर हे आधी सांगून टाकलेलं बरं. इथे हिंदीत मला 'बाजा' म्हणतात, म्हणजे मी चक्क पुरुष होते. मराठी घरात शिरले की पुन्हा बाई. आणि नुसतं 'पेटी' म्हटलं तर इथल्या माणसांना खोकं आठवतं, संदूक आठवते, आणखीही एक वस्तू आठवते. त्या वस्तूपायी जो घोळ झाला तो मला तुम्हाला सांगायचाय.

माझा जन्म गिरगावातल्या एका दुकानात झाला. सुरांच्या पट्ट्या गुजरातेतल्या पालिताण्याच्या, अंग सागवानी, भाता कसा कोरा करकरीत. वसईच्या एका मुलीने मला आपल्या भावासाठी घेतलं. भावाची नुकतीच गुरुदीक्षा झाली होती, तो फादर झाला होता. फादर पास्कोल तुस्कानो. "तुला गाता येत नाही, निदान ही तरी गाईल," बहीण म्हणाली. बहिणींना खरं बोलायची खोडच असते.

आणि खरंच सांगते, फादरना सूर कशाशी खातात ते ठाऊक नव्हतं. पण हौस दांडगी! त्यांची बदली भोपाळला झाली. सोनागिरीच्या शेजारी मोठ्या सरकारी कारखान्याची टाउनशिप, तिथलं छोटंसं चर्च. पहिल्याच आठवड्यात फादरनी मला सायकलच्या कॅरियरवर जुन्या ट्यूबने करकचून बांधलं आणि क्वार्टरमागून क्वार्टर पालथी घालायला सुरुवात केली. कुणी आजारी असलं, कुणाचं बाळ झालं, कुणी बायकोशी भांडून रुसून बसलं, की आम्ही हजर. त्यांचं एकच गाणं होतं, वसईच्या लग्नघरातलं. दुसऱ्या ओळीत आवाज वर चढवायचा असायचा, आणि तिथे फादर हमखास खाली घसरायचे. एकदा पाय मोडून पडलेला एक फिटर ते ऐकून इतका हसला, की प्लॅस्टर दुखतंय म्हणून ओरडायला लागला. फादर म्हणाले, "देखो, असर हो गया!"

एका सकाळी चर्चमागच्या खोलीत त्यांचा रियाज चालू होता आणि दारावर थाप पडली. दारात वासंतीताई, शेजारच्या क्वार्टरमधल्या. माहेर-सासर दोन्ही नागपूरचं, नवरा नीळकंठराव कारखान्यात रात्रपाळीला. ताईंनी मोडक्यातोडक्या हिंदीत सुरुवात केली, "फादरजी, जरा हळू गाओ ना! हमारे ये अभी झोपे हैं."

फादर हसून म्हणाले, "बाई, हळूच गातोय. मोठ्याने गायलो तर नीळकंठराव थेट कारखान्यात पळतील."

"अगं बाई! मराठी बोलता जी तुम्ही? मग इतके दिवस काहून नाही सांगितलं? आणि पेटीचे असे काय हाल करून राहिले?"

फादरनी भात्यावरचा हात काढला. मग म्हणाले, "पेटी म्हणालात ना? किती महिन्यांनी कुणाच्या तोंडून ऐकला हा शब्द! इथे मी सगळ्यांना बाजा, बाजा सांगून दमलो." त्यांचे डोळे भरून आले होते. वसई सोडल्यापासून ते किती एकटे पडले होते, ते मला त्या सकाळी कळलं.

तेव्हापासून वाजवायचं ताईंनी आणि गायचं फादरनी, असा करार झाला. ताई लहानपणी क्लासला जाऊन शिकलेल्या. त्यांची बोटं लागली आणि मला जरा माणसात आल्यासारखं वाटलं. नाताळला ताई चर्चमध्ये माझ्यापुढे बसायच्या, गणपतीत फादर त्यांच्याकडे आरतीला टाळ घेऊन उभे राहायचे, आणि टाळही चुकीचाच वाजवायचे. एका दिवाळीत गाता गाता त्यांनी ताईंचा गुलाबजाम तोंडात टाकला आणि पाक सांडला नेमका माझ्या पांढऱ्या चारच्या पट्टीवर. झालं! तेव्हापासून ती पट्टी एकदा दाबली की चिकटून बसते आणि भात्यात हवा असेपर्यंत सूर धरून ठेवते. दुरुस्त करणारा आला, तर फादर म्हणाले, "राहू द्या. गोडाचा सूर आहे तो."

अशी वर्षं गेली. नीळकंठराव रिटायर झाले, त्यांनी सोनागिरीत घर बांधलं. फादरचे केस पांढरे झाले, सायकल सुटली, खोकला मात्र सुटेना. शेवटी डॉक्टरांनी त्यांना खोलीवर परत पाठवलं. शेवटच्या दिवसांत त्यांच्यापाशी असायचा कुरियाकोस. मूळचा केरळचा, कारखान्याच्या स्टोअरमधून निवृत्त होऊन चर्चची सेवा करणारा. भला माणूस, पण सांगितलं तेवढंच आणि सांगितलं तस्संच करणारा. त्याच्याशी बोलताना फादर मला नेहमी 'बाजा' म्हणायचे.

पण तापात माणूस आपल्या घरच्या भाषेत शिरतो. त्या संध्याकाळी फादरनी त्याचा हात धरला आणि म्हणाले, "कुरियाकोस, उस दिन मेरी पेटी बंद मत रखना. खुली रखना. आखिर तक."

कुरियाकोसने रडत मान हलवली. मी कोपऱ्यात बसून ऐकत होते. अरे देवा! त्याच्या मल्याळममध्येही पेट्टी म्हणजे खोकंच, आणि मरणाऱ्या माणसाने पेटी म्हटल्यावर त्याला कुठली आठवणार? शवपेटी! मला ओरडून सांगायचं होतं, अरे बाबा, ते माझ्याबद्दल बोलतायत. पण भाता हलवल्याशिवाय मला कंठ कुठला? दुसऱ्या दिवशी पहाटे फादर गेले. आणि त्यांची शेवटची इच्छा माझ्यापाशी अडकून पडली.

अंत्यविधीला शहरातल्या मोठ्या चर्चचे गायक आले, तेही चकचकीत की-बोर्ड घेऊन. वासंतीताईंना वाटलं, एवढ्या मोठ्या लोकांत आपण कशाला मध्ये पडा? मी खोलीत कुलूपबंद. पुढचं मी डोळ्यांनी पाहिलेलं नाही, पण ताईंनी इतक्यांदा सांगितलंय की मला पाठ झालंय.

कबरस्थानात सगळी टाउनशिप लोटली होती. शहरातून आलेल्या मोठ्या फादरांनी प्रार्थना संपवली, दोर आले, आणि कुरियाकोस शवपेटीचं झाकण छातीशी कवटाळून मटकन खाली बसला.

"कुरियाकोस, ढक्कन दो."

"नहीं दूँगा, फादर."

"अरे, मिट्टी गिरेगी उनके चेहरे पर!"

"मुझको नहीं मालूम. उनका आखिरी बात है. पेटी बंद मत रखना, खुली रखना, आखिर तक."

सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. कुणी त्याला समजावलं, कुणी दटावलं. तो हुंदके देत होता, पण झाकण सोडत नव्हता. मागे बायकांत उभ्या असलेल्या वासंतीताईंच्या कानावर 'पेटी' शब्द पडला, आणि त्या गर्दीतून वाट काढत पुढे आल्या.

"बाप्पा! अहो, ती पेटी नाही जी! भैया, पेटी मतलब बाजा! हमारा बाजा! फादर बाजे का बोले!"

"बाजा?" कुरियाकोसने डोळे पुसले, झाकणाकडे पाहिलं, ताईंकडे पाहिलं. तेवढ्यात गर्दीत कुणाला तरी हसू फुटलं आणि मग भरल्या डोळ्यांनी सगळेच हसले. फादर असते तर पहिले तेच हसले असते.

झाकण ताईंच्या हातात देऊन कुरियाकोस नीळकंठरावांच्या स्कूटरवर मागे बसला. खोलीचं कुलूप निघालं, मला मांडीवर घेतलं, आणि सगळ्या रस्त्याने हा माणूस माझ्या कानाशी म्हणतोय, "सॉरी बाजा, सॉरी!"

कबरीशेजारी मातीतच ताई मांडी घालून बसल्या. त्यांनी भाता हलवला आणि फादरचं गाणं धरलं. मल्याळी, बिहारी, नागपूरकर, सगळ्यांना ते पाठ. दुसरी ओळ आली. ताईंनी सूर वर नेला, पण अख्खी टाउनशिप खाली घसरली. फादर जिथे चुकायचे, तिथेच सगळे चुकले! मला तर बाई भरूनच आलं.

गाणं संपल्यावर कुरियाकोसने स्वतःच्या हाताने झाकण लावलं. ताईंनी बोटं उचलली, पण माझी पांढरी चार चिकटलेलीच राहिली. दोर सुटत होते, शवपेटी खाली जात होती, आणि भात्यातल्या उरल्यासुरल्या हवेवर मी तो गोडाचा सूर धरून ठेवला होता. ती खाली टेकली तेव्हा माझी हवा संपली.

आता मी वासंतीताईंकडे सोनागिरीत दिवाणावर बसलेली असते. कुरियाकोस दर रविवारी शिकायला येतो. सूर त्याला फादरइतकाच येतो, म्हणजे काहीच नाही. पण आता तो मला ऐटीत 'पेटी' म्हणतो.

तुमच्याही घरी माळ्यावर, गाद्यांच्या खाली, माझी एखादी बहीण गप्प पडलेली असेल. उतरवा तिला. वाजवता येत नसलं तरी चालेल, चुकलात तरी चालेल. पण पेटी बंद ठेवू नका. आमच्या फादरनी सांगितलंय.