लूम बंद असताना बसवलेली न्हाणी

आमचे हे, म्हणजे योगेंद्र, लूम दुरुस्त करणारे मिस्त्री. त्यामुळे जगातली कुठलीही वस्तू पान्यानं जागेवर येते अशी त्यांची समजूत. लिंबायतच्या वस्तीत खाली कापड विणायच्या लूमचा कारखाना आणि वर लाकडी फळ्यांच्या माळ्यावर आमचं बिऱ्हाड. न्हाणी खाली, मागच्या बाजूला. माझ्या सासूबाई, भागीरथी आत्याबाई, खुब्याचं हाड मोडल्यापासून जिना उतरू शकत नव्हत्या. मीच त्यांना खाटेवर ओल्या फडक्यानं पुसायचे. त्या भिंतीकडे तोंड करून पडायच्या. एकदा म्हणाल्या, मरायच्या आधी एकदा तरी दार लावून आपल्या हातानं अंघोळ करायचीय. मला भरून आलं, आणि ते दिसू नये म्हणून मी त्यांच्यावरच खेकसले.

मग माळ्याच्या कोपऱ्यातच न्हाणी करायचं ठरलं. ह्यांनी फायबरचा शॉवर ट्रे, म्हणजे न्हाणीचा तयार तळ, आणला. फळ्या जुन्या, एक वर तर एक खाली. ट्रे ठेवला की डुगडुगायचा. रजेचा दिवस, लूम बंद, निवांत काम. ह्यांनी खालून लाकडाच्या पाचरी सरकवत लेव्हलपट्टीतला बुडबुडा बरोबर मध्ये आणला आणि माझ्याकडे बघितलं, जशी काही मी टाळ्याच वाजवणार होते.

दुसऱ्या दिवशी लूम सुरू झाले. आत्याबाईंना नेण्याआधी मी नुसता पाय ठेवला, तर ट्रे पाळण्यासारखा हलला. पाचरी सुटून बाहेर आल्या होत्या. मला जे बोलायचं ते मी बोलले, शेजारच्या मालतीबाईंनाही ऐकू गेलं असेल. हे चिडून म्हणाले, ट्रे परतच देऊन येतो. आत्याबाईंनी पुन्हा भिंतीकडे तोंड केलं आणि तशाच म्हणाल्या, "फया थरथरतंस रे योगेंद्र. दिनभर मनी पाठले लागस."

ह्यांनी फळीवर तळहात टेकवून बघितला. इतकी वर्षं इथं राहून ती थरथर आम्हाला कळेनाशीच झाली होती. लूम चालले की फळ्या हलतात आणि पाचर सरकते, एवढी साधी गोष्ट, आणि लूमच्याच मिस्त्रीच्या डोक्यात येऊ नये!

ह्यांनी सगळं उपसलं. उंच फळ्या रंधा मारून सपाट केल्या. खाली लूम धडधडत असतानाच लेव्हल धरली आणि प्रत्येक पाचर स्क्रूनं फळीला आवळली. मी ट्रेमध्ये उड्या मारून बघितल्या. हलला नाही.

आत्याबाईंना स्टुलावर बसवलं, बादली-तांब्या हाताशी दिला. मी साबण उचलला तर त्यांनी माझा हात धरला. "आते तू भाईर जाय, माय."

दार ओढून मी बाहेर बसले, जीव मुठीत धरून. लूमच्या आवाजात आतला तांब्याही ऐकू येईना. पडल्या तर कळणार कसं? घडीभर लूम थांबवायला सांगा, असं मी ह्यांना ओरडूनच म्हणाले. तेवढ्यात आतून आत्याबाई माझ्याहून मोठ्यानं ओरडल्या.

"चालू ऱ्हाऊ दे. माले जरासं रडू दे."

हे जिन्यावरच बसले. मग मीही रडून घेतलं. त्या आवाजात ऐकायला कोण होतं?