ज्योतीरामची तिशी

मोशीच्या ज्योतीरामनं चौपन्नाव्या वर्षी मिशीला कलप लावला, तेव्हा त्याच्या बायकोला, सुभद्राबाईला वाटलं, म्हातारचळ लागला. तेवढंच असतं तर परवडलं असतं. साल एकोणीसशे छप्पन्न. पिंपरीच्या नव्या कारखान्यात तिशीपर्यंतचेच गडी घेत होते, आणि ह्या बाबाला लेकाच्या जोडीनं खाकी कपडे घालून मिरवायचं होतं.

मोशीत कुणाचं वय कुणी लिहून ठेवलंय? अठरा सालच्या मानमोडीच्या तापाच्या साथीत कोण केवढं होतं, त्यावरून अदमास. ज्योतीरामनं त्या साथीत इंद्रायणीच्या घाटापर्यंत प्रेतांना खांदा दिलेला. तोच गडी भरतीच्या टेबलापुढं छाती काढून म्हणाला, "वय तीस."

कारकुनानं मागं उभ्या भिमाजीकडं बोट केलं. "हा कोण?"

आता तिशीच्या माणसाला चोवीस वर्षांचा लेक कुठून यायचा? "धाकटा भाऊ," ज्योतीराम बोलून गेला. झालं! भिमाजीच्या नावापुढं बापाचं नाव यायचं, तिथं मेलेल्या आज्याचं, सोनबाचं, लागलं. दोघंही कामाला लागले.

"स्वतःच्या लेकाचा भाऊ झालात! जनाची न्हाई तर मनाची तरी?" सुभद्राबाई म्हणाली.

"कागदावर गं," तो आरशात मिशी पिळत म्हणाला.

वर्षभरानं भिमाजीला थेरगावची मुलगी सांगून आली. तिचे वडील बबनराव त्याच कारखान्यात मुकादम. ते घर बघायला यायचे त्या सकाळी ज्योतीराम चुलीपाशी आला. "तुझं डोकं पांढरं, निम्मे दात पडलेले. माझी बायको म्हनून कोन मानंल? आमा दोघांची आई म्हनून बस. कुंकू तेवढं पूस, डोरलं काढून ठेव."

म्हणजे सासऱ्याची विधवा! तीस वर्षं ह्याच माणसाच्या नावानं तिनं कपाळ भरलं होतं. त्या काळ्याकुळकुळीत मिशीची तिला शिसारी आली.

"न्हाई पुसायची."

पण भिमाजीनं पाय धरले. "आई, खोटं उघडं पडलं तर दोघांची नोकरी जाईल, सोयरीकबी मोडंल."

तिनं पदरानं कपाळ पुसलं.

बबनराव भला माणूस. चहा पिता पिता त्यांनी हळूच भिमाजीला विचारलं, "वडील कधी गेले?"

"मी ल्हान व्हतो तवाच," भिमाजीनं सांगितलं. बाप शेजारीच मांडी घालून बसला होता. मेल्यानं वर एक सुस्कारासुद्धा टाकला. सोयरीक ठरली. जाताना बबनरावांनी सुभद्राबाईला वाकून नमस्कार केला.

पाहुणे वळणाआड गेले तसा ज्योतीराम हसत करंडा घेऊन आला. "जमलं की! लाव आता कुंकू. लगीन होईस्तोवर चारचौघांत तेवढं पुसत जा."

सुभद्राबाईनं करंड्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. घामानं मिशीचा कलप ओठावर उतरला होता. जन्मात कधी तिनं नवऱ्याला अरे-तुरे केलं नव्हतं.

"कुनाच्या नावानं लावू रं, बाळा?"