विस्तवाला न भिणारी काच

प्रभावतीबाईंचा हात पहिल्यापासूनच चटकन उठायचा. पण सत्तरीला टेकल्यावर, इंदुरात बडा गणपतीजवळच्या एका दुकानात आपण कोणाची बोटं हातोडीनं ठेचू, असं त्या सकाळी कोणी म्हणालं असतं, तर बाईंनी त्यालाच हाणलं असतं.

भांडण होतं एका काचेचं. लिंबाएवढी, मधाच्या रंगाची. कोट्यवधी वर्षांपूर्वी आभाळातून काहीतरी वाळवंटावर कोसळलं, वाळू वितळली आणि तिची ही काच झाली. बाईंचे वडील चांगदेव दुसऱ्या महायुद्धात महूच्या छावणीतून लढाईवर गेले, तेव्हा लिबियाच्या वाळूतून त्यांनी ती खिशात घालून आणली होती. असल्या काचेपायी शौकीन लोक वेडे होतात, हे घरात कोणाला ठाऊक! मुलगा प्रशिकनं ते मोबाइलवर वाचलं आणि काच तपासायला त्या दुकानाच्या मालकाकडे, भूषण सराफाकडे देऊन आला. भूषणला असल्या काचांचा भारी नाद. दुकानामागच्या खोलीत भिंतभर डब्या मांडलेल्या.

आठ दिवसांनी त्यानं मायलेकांना बोलावलं.

"काकूजी, ही तर नकली निघाली. सोड्याच्या बाटलीचं बूड. तुमचे फादर फौजेत खच्चर हाकायचे ना? कोणीतरी टोपी घातली असेल. नाहीतर त्यांनीच किस्सा बनवला."

"जबान सांभाळ!"

"पटत नाही? देखो." त्यानं सोनाराची गॅसबत्ती पेटवली. "अस्सल असेल तर काही होणार नाही."

ज्योत लागली तशी काच तडकली, कडा मऊ पडून ओघळल्या. "लो भिया, खतम," तो प्रशिकला म्हणाला.

प्रशिकची मान खाली गेली. "चल आई. आजोबांनी फेकाफेकी केली असेल. जाऊ दे ना यार."

पोटचा पोरगा असं बोलला! बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कारण दादा, म्हणजे त्यांचे वडील, दर चौदा एप्रिलला जयंतीच्या दिवशी गल्लीतली पोरं जमवून हीच काच सिगडीच्या लाल निखाऱ्यांत टाकायचे आणि चिमट्यानं काढून थंड पाण्यात सोडायचे. चर्र आवाज व्हायचा, पण तडा म्हणून जात नसे. प्रशिक जन्मायच्या आधीच दादा गेले आणि त्याला हे सांगायचं राहूनच गेलं.

"मुडद्या, ही माझ्या बापाची काच नाही! ती कुठे ठेवलीस?"

"काकूजी, दिमाग खराब झालाय का तुमचा?"

मेजावर हातोडी पडली होती. बाईंनी ती उचलली आणि पहिली डबी फोडली. काळे तुकडे खोलीभर उडाले. भूषणनं झेप घेऊन त्यांचा अंबाडा धरला, त्यांचं डोकं भिंतीवर आपटलं. बाईंनी कोपर असं हाणलं की त्याच्या नाकातून रक्ताची धार लागली. प्रशिक नुसता "आई, आई" करत उभा. दुसऱ्या डबीतल्या हिरव्या काचेचा भुगा झाला. हातोडी कोपऱ्यातल्या तिसऱ्या डबीवर उठली.

"ती नको!" भूषण किंचाळला. "सगळं फोडा, ती नको! अख्ख्या इंदुरात तसली दुसरी नाही!" आणि त्यानं डबीवर पंजा ठेवला.

हातोडी तोवर खाली आली होती.

बोटांची हाडं कडकड मोडली. डबी फुटली, आतली मधाच्या रंगाची काच दुभंगली आणि तिची धार त्याच्या तळव्यात शिरली. तो गुरासारखा ओरडला. तरी मेला दुसऱ्या हातानं तुकडे गोळा करत होता.

प्रशिकनं ते त्याच्या हातातून हिसकावले. रक्त पुसून उजेडात धरले. "आई, हीच आपली काच. आजोबा खरंच बोलले होते."

बाईंनी त्याच्या थोबाडीत सणसणीत लगावली. "आता पटलं? फुटल्यावर?" आणि त्या हमसाहमशी रडायला लागल्या. बापाची एवढीच तर आठवण होती, ती आपल्याच हातानं फोडली, हे त्यांना सोसवेना.

मग पदरानं तोंड पुसून त्या स्टुलावर बसल्या.

"याला दवाखान्यात ने. पोलीस आले तर मी इथेच आहे. माझं नाव लिहिताना बापाचंही लिहा म्हणावं. चांगदेव. नीट लिहा."