मय्यतीविना जनाजा

"नावं कागदावर उतरवू नकोस, मुवफ्फक. पाठ कर. पाठ असलेलं झडतीत सापडत नाही."

सीरियातल्या हमा शहरातल्या वाचनमंडळात हातिम हे सांगायचा. आणीबाणीचा कायदा उठवा, एवढंच मागणाऱ्या अर्जावर सोळा जणांनी सह्या केल्या होत्या. त्यातला शाळामास्तर मुवफ्फक तेवढा सीमेपार निसटला. आता इस्तंबूलच्या एका खोलीत पहाटेच्या नमाजानंतर तो उरलेली पंधरा नावं ओठांतल्या ओठांत घेई. आधी तुरुंगातली, मग गेलेली. त्यांच्यासाठीच जिनिव्हाला, लंडनला पत्रं धाडी. उत्तरं येत, माणसं येत नसत. एकट्यापुरता चहा टाकायची हाताला केव्हाच सवय झाली होती.

हातिमचं नाव तीन वर्षांपूर्वी गेलेल्यांत गेलं. तुरुंगातून निरोप आला, मय्यत नाही. फातिह मोहल्ल्यातल्या मशिदीत मुवफ्फकनेच पुढे उभं राहून त्याच्या माघारी जनाज्याचा नमाज पढवला. मुवफ्फकच्याच शब्दावर हातिमची बायको नवारा इद्दतीला, विधवेने पाळायच्या एकांताला, बसली.

आणि आज, तुरुंगातून सुटून आलेला सफवान समोर बसून सांगत होता, "उस्ताद, हातिम जिवंत आहे! दोन महिन्यांमागे त्याच्याच शेजारी झोपत होतो. घोरतो हो फार!"

मुवफ्फकला हसू आलं, आणि लगेच आठवलं. परवा, शुक्रवारी, सीमेजवळच्या अंतेप शहरात नवाराचा दुसरा निकाह होता.

त्याने जिनिव्हाला, कैद्यांसाठी झटणाऱ्या समितीतल्या गस्सानला फोन लावला.

"शहीद म्हणून त्याचं चित्र घेऊन आम्ही सात देश फिरलो," गस्सान उखडला. "आता सांगू, चुकलं म्हणून? उद्या आपली एक यादी कुणी खरी मानणार नाही. आणि त्या बाईचं कुठे मार्गी लागतंय, त्यात तुम्ही माती कालवताय! खात्री तरी आहे का?"

"खात्री न करताच तर नमाज पढवला होता मी."

"मास्तर ते मास्तरच! एकटे पडाल, उस्ताद."

"ते तर आहेच रे."

फोन ठेवल्यावर सफवान हळूच म्हणाला, "तिला फोनवर नका सांगू. कोसळेल ती."

"नाही. समोर बसून सांगेन. आधी माफी मागेन, मग सांगेन. अल्लाहच्या साक्षीने शब्द देतो तुला."

दुपारचा नमाज त्याने सावकाश पढला. पिशवीत एक सदरा आणि औषधं टाकली, दाराला कुलूप लावलं, आणि कठडा धरत, एकेक पायरी उतरत तो अंतेपच्या गाडीकडे निघाला.