नकाराचा दाखला

नीतिशास्त्राच्या कोशाचे बारा खंड बाइंडरबाईंनी शिवले, चिकटवले आणि त्यांवर सोनेरी अक्षरे उमटवली. त्याबद्दल विद्वत्सभेने दिलेला चेक, खात्यात पुरेशी रक्कम नसल्याने, परत आला. "आमचा चेक परत येऊच शकत नाही. बाईंनी तो भरलाच नसणार," असे सभेचे सचिव म्हणाले. कोशात 'सत्य' या नोंदीला चौदा पाने आहेत.

बँकेने चेकसोबत दिलेली चिठ्ठी हाच काय तो पुरावा. ती जोडून आज पाचच्या आत वकीलबाईंची नोटीस टपालात पडली नाही, तर दाव्याची मुदत संपणार होती. मग कापडवाल्याची उधारी फेडायला दुकानातले कटाईयंत्र विकण्यावाचून गत्यंतर नव्हते.

आणि चिठ्ठी काळीठिक्कर पडली होती. जपून राहावी म्हणून थोरल्या भावाने ती काल लॅमिनेट करून आणली. एटीएमच्या पावतीसारखा, उष्णतेने छापायचा कागद तो. उष्णता लागताच अक्षरांसकट काळवंडला.

"अगं, जन्मभर टिकली असती," दादा बँकेच्या दारात पुटपुटला.

"टिकलीच आहे की, कोळशासारखी! आता तोंड उघडू नकोस."

कारकुनाने चिठ्ठी उजेडात धरली. "यात काय वाचायचं?"

"चेक परत आल्याचं. तुमच्या कॉम्प्युटरवर असेल ना?"

"आहे की. हे काय समोर दिसतंय."

"मग छापून द्या."

"दुसरी प्रत मुख्य कचेरीतून येते, ताई. आठ दिवस."

घड्याळात चार वाजून दहा मिनिटे झाली होती. बाईंनी विनवले, आवाज चढवला, पुन्हा विनवले. कारकून हलला नाही.

"मग देत नाही, असं तरी लिहून द्या!"

हे मात्र त्याने तत्काळ मान्य केले. होकाराला वरिष्ठ लागतात. नकाराचा नमुना तयार असतो. रिकाम्या जागा त्याने समोरच्या पडद्यावरून इमानदारीने भरल्या, सही केली, शिक्का मारला.

बाईंनी दारातूनच वकीलबाईंना फोन लावला आणि वाचून दाखवले, "'अपुऱ्या शिलकीमुळे आम्ही परत केलेल्या आपल्या उपरोक्त क्रमांकाच्या चेकच्या चिठ्ठीची दुसरी प्रत आज देता येत नाही.'"

वकीलबाई म्हणाल्या, "पुन्हा वाच. तारीख आहे? शिक्का आहे?"

"आहे."

"मग पळत ये."

"बघू गं," म्हणत दादाने हात पुढे केला. बाईंनी कागद झटकन पाठीमागे नेला.