पुसलेली धूळ

डॉक्टरीणबाईंचा ढगांवर राग नव्हता. दातांचा दवाखाना चालवणाऱ्या बाईला वेळ घेऊन न येणाऱ्यांची सवय असते. "येतो म्हणतात, येत नाहीत. आणि दवाखाना बंद करायला घेतला की दारात उभे," असं त्या पेशंटबद्दल म्हणायच्या, आणि मोकळ्या आकाशाबद्दलही. हवामानाचं अ‍ॅप छातीठोकपणे 'निरभ्र' सांगे आणि बाल्कनीत दुर्बीण मांडेपर्यंत वर गोधडी पसरलेली असे. मग बाई खुर्ची ओढून बसत. ढग फाटला की कॅमेऱ्याचं बटण, मिटला की चहा.

त्यांना एका दीर्घिकेचा फोटो हवा होता. अब्जावधी ताऱ्यांचा तो भोवरा इतका दूर आणि इतका फिका, की एका फोटोत नुसतं धुकं दिसतं. म्हणून जमेल तेव्हा जमतील तेवढे फोटो काढायचे आणि शेवटी कॉम्प्युटरवर एकावर एक रचून त्यांचा एक करायचा. ढगाळ गावात दुसरा इलाजच नाही.

या वेळी मात्र घाई होती. पुढच्या आठवड्यात बाल्कनीला पक्क्या, न उघडणाऱ्या काचा लागणार होत्या. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर सासूबाई कायमच्या राहायला यायच्या होत्या आणि घरात दुसरी जागा नव्हती. बाईंनीच आधी 'हो' म्हटलं होतं, तेही मनापासून; सासूबाई त्यांना आवडायच्या. पण काचेआडून असले फोटो निघत नाहीत, आणि त्या बाल्कनीशिवाय त्यांच्या वाट्याला आकाश नव्हतं. हा एक फोटो पुरा करायचा आणि दुर्बीण माळ्यावर टाकायची, असं त्यांनी ठरवलं होतं. ठरवलं खरं, पण माळ्यावर जागा करायचं काम त्या रोज उद्यावर ढकलत होत्या.

नवऱ्याला ते दिसत होतं. त्याचं चष्म्याचं दुकान. समोरच्याशी बोलता बोलता त्याच्या नाकावरचा चष्मा काढून, पुसून, परत ठेवणारा हा माणूस. बाल्कनी बंद करायची कल्पना त्याची, त्यामुळे मनातून तो खजील झाला होता. बायकोसाठी आपणही काहीतरी करावं म्हणून रविवारी सकाळी, ती आंघोळीला गेली असताना, त्याने कॅमेरा दुर्बिणीपासून सोडवला आणि दुकानातलं सगळं कसब पणाला लावून आतली काच लख्ख केली.

"बघ," ती बाहेर येताच तो म्हणाला, "केवढी धूळ होती! एक कण ठेवला नाही."

बाईंचा टॉवेल हातातच राहिला.

"अरे, पांढऱ्या कापडाचा फोटो काढायचा होता अजून!"

कॅमेऱ्यात धुळीचा कण असला की प्रत्येक फोटोत त्याची गोल सावली पडते. म्हणून दुर्बिणीच्या तोंडावर पांढरं कापड ताणून नुसत्या त्या कापडाचा एक फोटो काढतात. त्यात सावल्या तेवढ्या उमटतात, आणि त्या बघून कॉम्प्युटर खऱ्या फोटोंतल्या सावल्या काढून टाकतो. अट एकच, तोवर धूळ होती तिथेच राहायला हवी. खरं तर हे काम रोजच्या रोज उरकायचं असतं. पण कॅमेऱ्याला कोण हात लावतंय, शेवटी एकदाच काढू, अशी बाईंना खात्री होती. त्यांना बऱ्याच गोष्टींची खात्री असायची.

"आता सगळ्या फोटोंत तुझी धूळ कायमची!"

"माझी कशी? मी तर ती काढली!"

"काढलीस म्हणूनच राहिली!"

हे वाक्य नवऱ्याला काही केल्या उलगडलं नाही, पण बायकोचा आवाज बरोबर समजला. कधी नव्हे तो रविवारी दुकान उघडायला निघून गेला.

बाई कॉम्प्युटरसमोर बसल्या. रडू येत होतं, पण रडून सावल्या जाणार नव्हत्या. त्या एकेका रात्रीचे फोटो शेजारी शेजारी लावून बघत राहिल्या. सावल्या सगळीकडे जागच्या जागी होत्या. दीर्घिका मात्र नव्हती. ढगांच्या धांदलीत दुर्बीण रोज कशीबशी मांडलेली. त्यामुळे दीर्घिका एका रात्री मधोमध, तर दुसऱ्या रात्री पार कोपऱ्यात. एरवी या गबाळेपणाची त्यांना लाज वाटली असती. आज त्या खुर्चीतून उठल्याच. दीर्घिकेवर दीर्घिका बसवून फोटो रचले, तर सावल्या प्रत्येक रात्रीच्या वेगळीकडे पडणार. बाकी सगळ्या रात्री एका जागी 'इथे काही नाही' म्हणत असताना एकट्या रात्रीच्या सावलीचं कोण ऐकतं? कॉम्प्युटर तिला बाजूला काढणार.

"ढगांनो, देव तुमचं भलं करो," त्या मोठ्याने म्हणाल्या आणि कामाला लागल्या.

संध्याकाळी नवरा दबकत आत आला. पडद्यावर दीर्घिका होती. मधे पिवळसर गाभा आणि त्याभोवती वळसे घेत गेलेले निळसर पट्टे. गोल सावली एकही नव्हती.

"जमलं?"

"मला नाही जमणार तर कोणाला?"

तो वाकून बघत राहिला. मग कडेच्या एका बारीक, लांबट डागावर त्याने अंगठा घासला. डाग गेला नाही.

"एक राहिलाच बघ," तो ओशाळून म्हणाला.

"पुसू नकोस. ती धूळ नाही. ती दुसरी दीर्घिका आहे. हिच्याही कितीतरी मागची."

चटका बसावा तसा त्याने अंगठा मागे घेतला. "आपल्या बाल्कनीतून दिसली ही?"

"आपल्याच."

त्याने मान वळवून बाल्कनीकडे पाहिलं. मग खिशातून फोन काढून त्याने काचा बसवणाऱ्या कारागिराला लावला. "त्या पक्क्या काचा नकोत. पूर्ण उघडतील अशा बसवा. हो, सगळ्याच."

"अरे, आईंना वारा लागेल."

"तिला शाल आणता येईल," फोनवर हात ठेवून तो म्हणाला. "तुला दुसरं आकाश कुठून आणू?"

बाईंचे डोळे भरून आले. त्यांनी फोन त्याच्या हातातून घेतला आणि कारागिराला मापं स्वतःच सांगितली.